तगादा: ‘डन’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि वापर

१. पैसे आले नाहीत, मग ‘डन’ काय झाले?

कंपनीच्या हिशेब विभागात नव्याने लागलेल्या माणसाला संगणकावर एखाद्या ग्राहकाच्या नावापुढे ‘डनिंग लेव्हल २’ अशी नोंद दिसते आणि तो चक्रावतो. ग्राहकाने तर एक रुपयाही भरलेला नाही, मग ‘डन’ काय झाले?

घोटाळा उच्चाराचा आहे. ‘काम डन झाले’ असे आपण म्हणतो तेव्हाचा ‘डन’ डी-ओ-एन-ई या अक्षरांचा असतो. थकबाकीच्या यादीतला ‘डन’ डी-यू-एन या तीनच अक्षरांचा असून तो वेगळा शब्द आहे. इंग्रजीत दोन्ही एकसारखे उच्चारले जातात आणि देवनागरीत लिहिले की डोळ्यांनाही फरक दिसेनासा होतो. याच तीन अक्षरांचा आणखी एक जुना शब्द मातकट करड्या रंगासाठी आहे. तो विशेषतः घोड्यांच्या रंगासाठी वापरतात. त्याचा पैशाशी संबंध नाही.

थकबाकीच्या ‘डन’चा अर्थ असा: येणे असलेल्या पैशासाठी देणेकऱ्याकडे पुन्हा पुन्हा, नेटाने मागणी करणे. मराठीत याला ‘तगादा लावणे’ म्हणतात, आणि हा प्रतिशब्द जवळजवळ तंतोतंत बसतो. अर्थाचा सारा भार ‘पुन्हा पुन्हा’ या दोन शब्दांवर आहे. या क्रियापदाचा वापर, त्यामागचा इतिहास आणि त्याला कायद्याने घातलेला लगाम समजून घ्यायचा तर हेच दोन शब्द धरून पुढे जावे लागते.

२. क्रियापद चालते कसे

एक सोपा व्यवहार घेऊ. रंगाच्या एका दुकानदाराने रंगकामाच्या ठेकेदाराला ६०,००० रुपयांचा माल तीस दिवसांच्या उधारीवर दिला. मालाबरोबर कागद दिला, ते बिल. तीस दिवस उलटल्यावर दुकानदाराने फोन करून ‘तेवढे बिल राहिले आहे’ म्हटले, तर ती आठवण झाली. ‘पंधरा तारखेपर्यंत रक्कम भरा’ असे पत्र लिहिले, तर ती मागणी. इथपर्यंत ‘डन’ म्हणता येत नाही. पंधरा तारीख गेली, दुसरे पत्र गेले, फोन झाले, मुलगा दोनदा जाऊन आला, तिसरे पत्र तयार झाले. आता दुकानदार ठेकेदाराला ‘डन’ करतो आहे असे इंग्रजीत म्हणता येईल. पैसे हाती पडणे ही वसुली. तिच्यासाठी इंग्रजीत वेगळे क्रियापद आहे, आणि कोर्टात दावा लावण्यासाठी आणखी वेगळे. ‘डन’ची हद्द मागणीपासून दाव्यापर्यंतची.

व्याकरणातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. या क्रियापदाचे कर्म माणूस असतो, पैसा नसतो. इंग्रजीत शिंपी गिऱ्हाइकाला डन करतो आणि कशासाठी ते ‘फॉर’ लावून पुढे सांगतो. ‘साठ हजार डन केले’ ही रचना चूक आहे. मराठीत तगादा माणसाच्या मागे लागतो, रकमेच्या मागे लागत नाही, म्हणून मराठी वाचकाला ही रचना सहज समजावी. भूतकाळी रूप ‘डन्ड’ आणि चालू रूप ‘डनिंग’. दोन्ही लिहिताना ‘एन’ हे अक्षर दोनदा येते.

शब्दाचा सूर कुठे वापरला यावर बदलतो. बोलण्यात आणि जुन्या साहित्यात त्याला त्रासाची छटा आहे. ज्याला डन केले जाते त्याच्या बाजूने तो बोलला जातो. कोणताही सभ्य व्यापारी ‘मी आपल्याला डन करीत आहे’ असे पत्रात लिहीत नाही. पत्राच्या माथ्यावर ‘स्मरणपत्र’ किंवा ‘अंतिम सूचना’ असेच असते. हिशेबशास्त्रात मात्र ही छटा उरलेली नाही. तिथे ‘डनिंग’ म्हणजे थकलेल्या ग्राहकांना ठरलेल्या क्रमाने स्मरणपत्रे पाठवण्याची पद्धत, एवढाच कोरडा अर्थ आहे. सुरुवातीच्या नवख्या माणसाला दिसलेली ‘लेव्हल २’ म्हणजे त्या ग्राहकाला गेलेले दुसरे पत्र.

३. लिंकनचा बेलिफ

हा शब्द कुठून आला याची एक लोकप्रिय गोष्ट इंग्लंडमध्ये सांगतात. सातव्या हेन्रीच्या काळात, म्हणजे १४८५ ते १५०९ या दरम्यान, लिंकन शहरात जो डन नावाचा एक बेलिफ होता. वसुलीत तो इतका तरबेज की, एखादा पैसे देईना झाला की लोक म्हणत, याच्यामागे डनला का लावत नाही? त्यातून माणसाच्या नावाचेच क्रियापद झाले. ही गोष्ट लंडनच्या ‘ब्रिटिश अपोलो’ या नियतकालिकात १७०८ मध्ये छापून आली.

गोष्ट गोड आहे, पण अभ्यासक ती मानत नाहीत. शब्दाचे लेखी पुरावे सतराव्या शतकाच्या आरंभीपासूनचे मिळतात. बेलिफ खरा असता तर मधली शंभर वर्षे हा शब्द लिखाणात कुठेतरी दिसायला हवा होता. दुसरा तर्क असा की गोंगाट या अर्थाच्या ‘डिन’ या इंग्रजी शब्दाचे हे भावंड असावे: कानीकपाळी ओरडत राहणे. हा तर्क अर्थाला जुळतो, पण सिद्ध झालेला नाही. शब्दकोश म्हणूनच व्युत्पत्ती अनिश्चित अशी नोंद करतात.

४. दाव्याला परवडत नाही असे येणे

जॉन अर्ल या इंग्रज लेखकाच्या १६२८ सालच्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकाशी या शब्दाचा एक अत्यंत जुना वापर जोडलेला आहे. त्यात विद्यापीठातल्या ‘डन’चे चित्र आहे. तिथे ‘डन’ हे नाम आहे आणि तगादा लावणाऱ्या माणसासाठी आले आहे. त्याचे येणे फार तर दहा शिलिंगांचे. कधी घोड्याच्या भाड्याचे, कधी दारूचे. इतक्या लहान रकमेसाठी दावा लावणे शक्य नसते, म्हणून तो विद्यार्थ्यांच्या खोल्यांभोवती घुटमळत राहतो.

अर्लने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तगादा हे मुळात लहान घेणेकऱ्याचे साधन आहे. मोठ्या घेणेकऱ्याजवळ गहाणखत असते, वकील असतो. किराणावाला, शिंपी, बेकरीवाला यांच्याजवळ वही आणि पाय एवढेच असते. म्हणून ते येत राहतात. इंग्लंडमधला वरचा वर्ग उधारीवर जगे आणि सवडीने पैसे देई, त्यामुळे तिथल्या कादंबऱ्या आणि नाटके अशा दार ठोठावणाऱ्यांनी भरली आहेत.

त्या ठोठावण्यामागे तेव्हा खरी धास्ती असे. देणे न फेडणाऱ्याला घेणेकरी तुरुंगात टाकू शके. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना फेब्रुवारी १८२४ मध्ये एका बेकरीवाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. चार्ल्स तेव्हा बारा वर्षांचा होता आणि बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या घेणेकऱ्यांनी बेजार झालेल्या मिकॉबरचा उगम या अनुभवात आहे. इंग्लंडमध्ये १८६९ च्या कायद्याने बहुतेक देण्यांसाठीची कैद रद्द झाली. हा फरक फार मोठा आहे: त्यानंतर तगादा लावणाऱ्याच्या हातात बेड्या राहिल्या नाहीत, शब्द तेवढे राहिले.

५. दारातले धरणे

मराठी मुलखात तगाद्याचे एक टोकाचे रूप होते, ते म्हणजे धरणे. घेणेकरी, किंवा त्याच्या वतीने एखादा ब्राह्मण, देणेकऱ्याच्या दाराशी अन्नपाणी सोडून बसे. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचे नाही असा संकेत होता. दारात बसलेला उपासाने मेला तर त्याचे पाप घरावर, या भीतीने पैसे निघत. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर होता. १८१३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या पत्रांत, येणे वसूल करण्याची रूढ रीत म्हणून धरण्याचे वर्णन आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने हे थांबवले. दैवी कोपाची भीती घालून कोणाला काही करायला लावणे हा कलम ५०८ खाली गुन्हा ठरला, आणि कलमाच्या खाली दिलेले पहिलेच उदाहरण दारात धरणे धरणाऱ्याचे होते. पुढे हा शब्द राजकीय आंदोलनात गेला. आज धरणे म्हटले की कलेक्टर कचेरीसमोरचा मांडव आठवतो, सावकार आठवत नाही.

सावकार आणि कुळ यांच्यातला ताण मात्र वाढत गेला. कोर्टाचे हुकूमनामे सावकारांना सहज मिळू लागले, जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांची दुकाने फोडली आणि रोखे, वह्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरले. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, कारण तगाद्याचे बळ कागदात होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी केली. त्याच्या बऱ्याच नंतर, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले की केवळ गरिबीमुळे फेडता येत नाही म्हणून दिवाणी देण्यासाठी कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याची लबाडी दिसली पाहिजे.

६. पत्रांची चढण

आजचे ‘डनिंग’ बहुधा पत्रांनी, ईमेलने आणि मोबाइलवरच्या संदेशांनी चालते. त्याची चढण ठरलेली असते. पहिल्या पत्रात समोरचा विसरला असेल असे धरून चालायचे. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, पैसे कुठे भरायचे, एवढेच लिहायचे, विशेषणे नकोत. दुसऱ्या पत्रात पहिल्याचा उल्लेख येतो आणि मालाबद्दल काही तक्रार आहे का, अशी विचारणा होते. ही विचारणा महत्त्वाची आहे. अनेकदा पैसे अडलेले असतात ते डबा फुटका निघाला म्हणून किंवा बिलात चूक आहे म्हणून. तिसऱ्या पत्रात शेवटची तारीख आणि त्यानंतर काय केले जाईल ते येते. त्यापुढे वकिलाची नोटीस.

तेच पत्र तीनदा पाठवणे हा या कामातला सर्वांत मोठा दोष. मजकूर बदलला नाही तर देणेकऱ्याला कळते की पुढे काही होणार नाही, आणि न केलेल्या कारवाईची धमकी तर पत्राची उरलीसुरली किंमतही घालवते. मोठ्या कंपन्यांत ही चढण संगणकच चढतो. ‘सॅप’ या हिशेबप्रणालीत अशा नऊ पायऱ्यांपर्यंत सोय आहे, पण साध्या व्यवहारात तीन-चार पायऱ्या पुरतात. मासिक वर्गणीच्या सेवांमध्ये कार्डातून पैसे वळते झाले नाहीत की पुन्हा प्रयत्न करणे आणि ग्राहकाला कळवणे, या साखळीलाही आता ‘डनिंग’च म्हणतात.

पत्र लिहिताना कायद्याचा आधार असेल तर तो लिहावा. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने माल बनवून दिला असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत. रोखले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. रंग बनवणाऱ्या लहान कारखान्याला हा आधार मिळतो. नुसता विकणाऱ्या दुकानदाराला मिळत नाही.

७. तगाद्याने मुदत वाढते का?

‘दर महिन्याला पत्र पाठवतो आहे, म्हणजे माझा हक्क शाबूत आहे’ असे अनेक व्यापारी धरून चालतात. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी खरी येणी बुडतात. दारावरची घंटा कितीही वेळा वाजवली तरी भिंतीवरचे घड्याळ थांबत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याने उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षे दिली आहेत, आणि घेणेकऱ्याने पाठवलेल्या स्मरणपत्रांनी त्यात एका दिवसाचीही भर पडत नाही.

रंगाच्या दुकानदाराकडेच परत येऊ. माल १ जून २०२२ ला दिला आणि उधारीची मुदत १ जुलै २०२२ ला संपली, तर दावा १ जुलै २०२५ पर्यंत लावला पाहिजे. मधल्या काळात छत्तीस पत्रे गेली तरी तारीख तीच. मुदत वाढते ती देणेकऱ्याच्या कृतीने. ठेकेदाराने १२ जानेवारी २०२४ ला स्वतःच्या सहीने ‘आपले ६०,००० रुपये देणे आहे’ असे लिहून दिले, तर तिथून नवी तीन वर्षे सुरू होतात आणि मुदत १२ जानेवारी २०२७ पर्यंत जाते. काही रक्कम भरली आणि त्याची त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंद राहिली, तरी तसेच. मात्र ही कबुली मूळ मुदत संपण्याआधीची हवी. मुदत गेल्यावर केवळ ‘देणे आहे’ एवढे लिहून भागत नाही. ‘मी फेडीन’ असे लेखी, सहीचे वचन मिळाले तर करार कायद्याच्या कलम २५ खाली त्यावर दावा करता येतो.

म्हणून शहाणा घेणेकरी दरवर्षी खातेउतारा पाठवतो आणि ‘बाकी मान्य’ अशी सही घेतो. एवढा एक कागद पंचवीस स्मरणपत्रांपेक्षा कामाचा.

८. न वटलेल्या चेकची नोटीस

एका ठिकाणी मागणीचे पत्र कायद्यानेच आवश्यक ठरवले आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद होऊ शकते, पण आधी लेखी नोटीस द्यावी लागते. चेक परत आल्याचे बँकेकडून ५ मार्चला कळले, तर ४ एप्रिलपर्यंत नोटीस गेली पाहिजे. तीस दिवस मिळतात. ती देणेकऱ्याला २० मार्चला मिळाली, तर त्याला पंधरा दिवस, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत, पैसे भरण्याची संधी असते. त्याने भरले नाहीत तर त्यापुढे एक महिन्याच्या आत फिर्याद करायची. चेक वटला नाही एवढ्याने गुन्हा पूर्ण होत नाही. मागणी करूनही पंधरा दिवसांत दिले नाही, तेव्हा तो होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथे एकच पत्र लागते, ते नेमके लागते. इंग्रजीत याला ‘डिमांड नोटीस’ म्हणतात, ‘डनिंग’ म्हणत नाहीत, कारण यात ‘पुन्हा पुन्हा’ नाही.

९. किती वेळा म्हणजे फार?

पैसे मागणे हा हक्क आहे आणि पुन्हा मागणेही हक्कच आहे. छळ कुठे सुरू होतो, हे ठरवताना कायद्याने तीन गोष्टी पाहिल्या: किती वेळा, कोणत्या वेळी, कोणापुढे.

इंग्लंडमध्ये १९७० च्या कायद्याच्या कलम ४० ने, देणेकऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना भीती, मनस्ताप किंवा अपमान व्हावा अशा प्रकारे मागणी करणे गुन्हा ठरवले. या कलमात मागणीच्या वारंवारितेचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये वसुली संस्थांसाठी कायदा केला. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर फोनला मनाई झाली. ३० नोव्हेंबर २०२१ पासून तिथे आकडाही आला: एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त वेळा फोन केला तर तो छळ असल्याचे गृहीत धरले जाते.

भारतात रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका आणि वित्तसंस्थांना त्यांच्या वसुली एजंटांसाठी जबाबदार धरले. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, सतत फोन करत राहायचे नाही, शिवीगाळ किंवा धमकी नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. सूक्ष्म कर्जांसाठी वेळ आणखी आखूड आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. बचत गटांतल्या बायकांना हे ठाऊक असणे फार गरजेचे आहे, कारण त्यांच्याकडचा तगादा घराच्या दारात आणि शेजाऱ्यांसमोर होतो. खासगी सावकारांसाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे त्याखाली गुन्हा आहे, तसेच कर्जदाराला उपद्रव देणेही.

यातला कोणताही नियम देणे माफ करत नाही. एजंटाने शिवी दिली म्हणून हप्ता बुडत नाही, आणि हप्ता थकला म्हणून शिवी चालत नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासल्या जातात. त्रास होत असेल तर फोनच्या तारखा, वेळा, नंबर लिहून ठेवावेत, संदेश पुसू नयेत आणि तक्रार आधी त्या बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मारहाण, धमकी किंवा घरात घुसणे झाले तर तीस दिवस थांबायचे कारण नाही. ते काम पोलीस ठाण्याचे आहे.